तीन पौर्णिमांचा हिशेब

(गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा येथे त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा मजकूर)



दिवस कापणीचे आहेत. कुणाचा धान बांधीत उभा आहे, कुणाचा खळ्यावर आला आहे. गावोगावी मंडईच्या जत्रा चालू आहेत, घरी पाहुणे आहेत. तरीही तुम्ही सगळे आलात. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी इथल्या एका आजीनं मला सकाळी सांगितलं, "गुरुजी सांगत थोडं, पण जे सांगत ते दुसऱ्या दिवशी करून आले का, हे विचारत." मीही आज तेच धोरण ठेवणार आहे. उद्या सकाळी करता येणार नाही असं काही मी तुम्हाला सांगणार नाही.

विषय आहे वजन कमी करण्याचा. सुरुवात कशी करायची, आणि केलेली सुरुवात टिकवायची कशी.

तुमच्यातल्या काहींच्या मनात प्रश्न आला असेल. दरेकशात हा विषय? पुण्या-मुंबईत ठीक आहे. ज्या भागात आजही अंगणवाडीत बाळांची वजनं वाढावीत म्हणून ताया जिवाचं रान करतात, तिथं वजन कमी करण्याच्या गोष्टी कशाला? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८.७ टक्के बाया कृश निघाल्या आणि २४ टक्के बायांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. दोन्ही आकडे एकाच देशाचे आहेत. आणि दवाखान्यात बसून मी सांगतो, पुष्कळदा ते एकाच घराचे असतात. सासूच्या पोटाचा घेर वाढलेला, सुनेच्या अंगात रक्त नाही, आणि नातू हडकुळा. चूल एकच. मग आजार दोन कसे?

याचं उत्तर शोधायचं तर आपल्याला थोडं मागं जावं लागेल. माझा पहिला मुद्दा तोच आहे.

माझ्याकडे येणारी माणसं एक वाक्य हमखास बोलतात. "डाक्टर, मी तं दोन टाइम भातच खातो, अन् तोही पयल्यापेक्षा कमीच. मंग हे पोट काहून वाढते?" नवीन डॉक्टर होतो तेव्हा वाटायचं, हा माणूस लपवतो आहे. आज तसं वाटत नाही. तो खरं बोलतो. त्याचे आजोबा त्याच्यापेक्षा जास्त भात खात होते. पण आजोबा चिखलणीला बैलांमागं दिवसभर चालत होते. आजी रोवणीला कंबरेत वाकून पावसात उभी असे, घरी येऊन ढेकीवर धान कांडत असे, विहिरीवरून पाणी आणत असे. मोहफुलं वेचायला पहाटे रान, तेंदूपत्त्याला भर उन्हात डोंगर. शरीर खर्च होत होतं आणि खर्चाइतकंही पोटात जात नव्हतं.

आता बांधीत ट्रॅक्टर आला, कापणीला हार्वेस्टर आला, कांडायला मिल आली, सालेकशाला जायला मोटारसायकल आली. हे सगळं यायलाच हवं होतं. बाईच्या कंबरेवरचं ओझं उतरलं याचं मला दुःख नाही, आनंद आहे. पण एक हिशेब राहून गेला. काम निम्म्यावर आलं आणि ताट त्या मानानं कमी झालं नाही. शिवाय ताटाबाहेरचं खाणं वाढलं.

ताटाबाहेरचं म्हणजे काय? जरा बोटावर मोजू. दिवसाला चार कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम. दिवसाला चाळीस ग्रॅम. महिन्याला? सव्वा किलो! एका माणसाच्या पोटात, नुसत्या चहातून. चहासोबत पाच-दहा रुपयांचा बिस्किटांचा पुडा. पन्नास-साठ ग्रॅमच्या पुड्यात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात. तेवढ्या जाळायला सामान्य माणसाला तासभर चालावं लागतं. पुडा संपतो पाच मिनिटांत, आणि भूक तर भागतच नाही. मग शाळेजवळच्या टपरीवरची कुरकुरीत पाकिटं, मंडईतली भजी, लग्नातली बुंदी, आणि संध्याकाळी कुठं कुठं दारू आणि तिच्यासोबतचा चखणा. यातलं काहीही आपण 'जेवण' म्हणून मोजत नाही. म्हणूनच माणूस खरेपणानं सांगतो की मी दोन वेळच जेवतो.

तेव्हा पहिला मुद्दा ध्यानात ठेवा. वजन वाढलं म्हणजे तो माणूस आळशी किंवा हावरा झाला असं होत नाही. भोवतालचं जगणं बदललं आणि शरीराला कुणी कळवलं नाही. म्हणून जाड माणसाला हिणवू नका. घरातल्या मुलीला तर मुळीच नाही. हिणवल्यानं कुणाचं वजन कमी झालेलं मी पाहिलं नाही. लपून खाणारी माणसं मात्र पुष्कळ पाहिली.

दुसरा मुद्दा आपल्या शरीराचा. हा थोडा शास्त्राचा आहे, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक म्हणून संशोधक आहेत. २००४ साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं प्रमाण, अगदी सारखं होतं, २२.३. बघणाऱ्याला दोघं सारखेच सडपातळ. पण आतली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा सारखा, शरीर वेगळं!

हे असं का? याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपलं बाळ लहान, हातपाय काटकुळे, स्नायू कमी. पण चरबी मात्र त्यानं राखून ठेवलेली. आईच्या पोटात पोषण कमी पडलं तेव्हा त्या जिवानं बेगमी केली. पुढं दिवस वाईट येतील म्हणून कोठीत दाणा राखावा तशी. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी अर्धपोटी दिवस काढले, त्यांची शरीरं अशी बेगमी करणारी होतात. आणि दिवस वाईट येण्याऐवजी साखर-तेलाचे आले, तर ती बेगमी पोटावर, यकृतावर साठते. त्यातूनच मधुमेह येतो, रक्तदाब येतो.

बंधू-भगिनींनो, म्हणून हा विषय दरेकशाचा आहे. पुण्या-मुंबईपेक्षा जास्त दरेकशाचा आहे. जिथं भूक होती तिथंच पोट लवकर वाढतं, आणि कमी वजनावरही आजार गाठतो. जगात बीएमआय २५ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आपल्याकडचे डॉक्टर २३ ला सावध करतात. कारण हेच.

मग ओळखायचं कसं? काट्याची गरज नाही, मशीनची नाही. घरी जाऊन एक सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी मोजा. आता ती बरोबर मधे दुमडा. ही अर्धी सुतळी बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता कमरेला गुंडाळा. दोन्ही टोकं मिळाली तर ठीक. मिळत नसतील तर पोटाचा घेर जास्त आहे. ज्यांच्याकडं टेप आहे त्यांच्यासाठी आकडे सांगतो: पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बायांचा ८० च्या आत. लहान मुलांना आणि गरोदर बायांना हे माप लावू नका.

तिसरा मुद्दा. किती कमी करायचं आणि किती वेगानं?

इथं मी माझंच सांगतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी साखर सीमारेषेवर आली. मी घाबरलो. रात्रीचं जेवण बंद केलं, भात बंद केला, महिनाभर काकडी-टरबुजावर राहिलो. सहा किलो उतरले. लोकांनी वाहवा केली. मग घरात लग्न निघालं. आठ दिवसांत सगळं सुटलं, आणि सहा महिन्यांत आठ किलो परत आले. सहा गेले आणि आठ आले! डॉक्टर असून मला हे कळायला एक वर्ष गेलं.

काय झालं होतं? पहिल्या आठवड्यात जे वजन झपाट्यानं उतरतं त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा एक साठा असतो, त्याच्या तिप्पट पाणी त्याला बांधलेलं असतं. उपास केला की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. काटा खाली येतो, चरबी तशीच राहते. पुढं उपास ताणला तर चरबीसोबत स्नायूही झिजतात. वजन परत येतं तेव्हा ते मुख्यतः चरबी म्हणून येतं. म्हणजे एवढा जाच सोसून माणूस आधीपेक्षा जास्त चरबीचा होतो.

म्हणून "सात दिवसांत सात किलो" अशी जाहिरात भिंतीवर दिसली, मोबाइलवर दिसली, तर सरळ पुढं व्हा. ती भुकटी, तो पट्टा, तो काढा, काही घेऊ नका. शहरांत २०२५ पासून वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं आली आहेत. ती खरी औषधं आहेत, काही रुग्णांना त्यांची गरजही असते. पण ती डॉक्टरनं पारखून द्यायची गोष्ट आहे. आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांचं वजन परत चढू लागतं, म्हणजे राहणी त्यांनाही बदलावीच लागते.

मग खरा वेग कोणता? आठवड्याला पाव ते अर्धा किलो. आणि खरं लक्ष्य? पहिल्या टप्प्यात आपल्या वजनाच्या फक्त पाच टक्के. पंचाहत्तर किलोच्या माणसाला पावणेचार किलो. एवढंसंच? हो, एवढंसंच. एवढ्यानं रक्तदाब उतरू लागतो, साखर सुधारते, गुडघ्यांना आराम पडतो. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, एवढंच ध्येय दिलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. २००६ साली चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या भारतीय माणसांवरचा तसाच अभ्यास मांडला. तिथं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटलं. आणि ऐका, या माणसांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! खाणं बदललं, चालणं वाढलं, काटा जागचा हलला नाही, तरी आजार लांबला. म्हणून काटा हलत नाही म्हणून कुणी प्रयत्न सोडू नका. आत काहीतरी बरं घडत असतं.

चौथा मुद्दा ताटाचा. इथं महाराष्ट्रात मोठं रण माजून गेलं आहे, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच खाण्याचा विचार मांडला. तो पुढं नेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी: दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही खाऊ नका, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरीकडं आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी सांगितलं, थोड्या थोड्या वेळानं खा, घरचं खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. २०१८ च्या सुमारास घराघरांत यावरून वाद झाले. बाप दीक्षितांचा, लेक दिवेकरांची!

मला विचाराल तर भांडण घड्याळाचं होतं आणि एकमत ताटाबद्दल होतं. पाकिटातलं नको, गोड पेयं नकोत, घरचं शिजवलेलं खा, हे दोघंही सांगतात. चीनमध्ये २०२२ साली १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर एक प्रयोग झाला. सगळ्यांनी खाणं सारखंच कमी केलं. निम्म्यांना वर दिवसातल्या ठरावीक आठच तासांत खायला सांगितलं, निम्म्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. तेव्हा दोनदा जेवणं ज्याला झेपतं त्यानं दोनदा जेवावं, ज्याला तीनदा लागतं त्यानं तीनदा. घड्याळावरून घरात भांडू नका.

आणि भात? "भात सोडा" असं मी गोंदिया जिल्ह्यात येऊन सांगणार नाही. धान हे आपलं पीक आहे. एचएमटी हा बारीक तांदूळ देशभर गेला, तो शोधला आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं. ज्या तांदळानं आपल्याला जगवलं त्याला शत्रू ठरवायचं नाही. त्याचं ताटातलं राज्य तेवढं थोडं आटोपतं घ्यायचं.

कसं? आज ताटात भाताचा डोंगर आणि भाजीची टिकली असते. ताटाचे मनात चार भाग करा. दोन भाग भाजी, एक भाग भात किंवा भाकरी, एक भाग डाळ, अंडं किंवा मासोळी. भाजी विकतचीच हवी असं कुठं आहे? परसातला दोडका, भोपळा, शेवगा आहे, पावसाळ्यात रानातली पालेभाजी आहे, आता थंडीत वालाच्या शेंगा येतील. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत मासोळी आहे. ती तळण्याऐवजी रश्शात करा. डाळ पातळ पाण्यासारखी नको, घट्ट करा. पोट भरल्याची भावना डाळीनं, मासोळीनं, भाजीनं येते आणि टिकते. निव्वळ भातानं पोट लवकर भरतं आणि लवकर रिकामंही होतं. उसना तांदूळ मिळाला तर तो घ्या, त्यात जीवनसत्त्वं जास्त टिकतात. कोदो-कुटकी आपल्या आदिवासी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली. २०२३ साली साऱ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं, तेव्हा शहरांना तिचं महत्त्व कळलं. ती जरूर खा. पण तिचाही डोंगर करू नका.

आता तीन सोप्या वजाबाक्या सांगतो. चहातली साखर निम्मी करा, चार कपांमागं ऐंशी कॅलरी वाचल्या. शिजवायला घेतलेल्या तांदळातून माणशी रोज एक मूठ कमी टाका, दीडशे वाचल्या. फोडणीतून माणशी दोन छोटे चमचे तेल काढा, नव्वद वाचल्या. तेलाचं घरचं मापही सोपं आहे: माणशी महिन्याला अर्धा लिटर, त्याहून जास्त नाही. आणि एक बेरीज: अर्धा तास चालणं, त्याच्या एकशेवीस. झाले किती? चारशे चाळीस. आठवड्याला तीन हजारांवर. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला जवळपास चारशे ग्रॅम. शरीर हळूहळू कमी खर्चात भागवायला शिकतं, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी उतरेल. तरी तीन महिन्यांत तीन-चार किलो. आठवतं का, पंचाहत्तर किलोच्या माणसाचं लक्ष्य किती होतं? पावणेचार! यात उपास कुठं आहे? भूक कुठं आहे? कुठंच नाही.

पाचवा मुद्दा हालचालीचा. शेतकरी म्हणेल, मला कशाला व्यायाम, मी तर राबतो. रोवणीत राबता, कापणीत राबता, मान्य. पण मधले महिने? आणि दुकानदार, शिक्षक, कार्यालयातली मंडळी? आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं चाला. एका दमात जमत नसेल तर दहा दहा मिनिटं करा. त्यासोबत आठवड्यातून दोनदा पायांची ताकद वाढवा: खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि बसा, दहादा. स्नायू राखले तरच उतरलेलं वजन उतरलेलं राहतं. आणि झोप सात तास. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते, गोडाची जास्त वाढते. रात्री अकराला मोबाइल हातात असेल तर पहाटे चालणं होणार नाही.

इथं पुरुषांना एक कळकळीचं सांगणं आहे. चालायला जा असं बाईला सांगणं सोपं आहे. पण ती पहाटे चालायला गेली तर चूल कोण पेटवणार? पाणी कोण भरणार? पोरांचा डबा कोण करणार? ज्या घरात या प्रश्नाचं उत्तर "मी" असं पुरुष देतो, त्या घरातली बाई चालते. जिथं देत नाही तिथं तिला दिलेला सल्ला हा तिच्यावर टाकलेला आणखी एक भार असतो. आणि एक लक्षात ठेवा, चूल एकच असते. एकट्या माणसासाठी वेगळं शिजवणारी घरं चार आठवड्यांत थकतात. सगळं घर बदललं तरच बदल टिकतो. सुरुवातीला सांगितलं त्या सुनेच्या ताटातही डाळ-भाजी वाढली तर तिचंही भलं होतं, सासूचंही होतं.

आता सावधगिरीचे चार शब्द. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी वजन उतरवायच्या मागं लागू नये. वाढत्या मुलांना उपाशी ठेवू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण टाळू नये, साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. त्या रुग्णांनी कडक उपास, पाणी कमी पिणं आणि दम लागेपर्यंत व्यायाम हे तिन्ही टाळावं. आणि काही न करता वजन घटत असेल तर आनंद मानू नका. क्षयरोग असेल, मधुमेह असेल, दुसरं काही असेल. त्या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. टिकवायचं कसं?

गडचिरोलीचे डॉ. अभय बंग तुम्हाला माहीत आहेत. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या या माणसाला १९९५ साली हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी स्वतःचं खाणं, चालणं, मनाची धावपळ, सगळं तपासलं आणि बदललं. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात ते सगळं आलं आहे, वाचनालयात असेल तर जरूर वाचा. त्यातून मी घेतलेला धडा हा: बदल शिक्षा म्हणून केला तर टिकत नाही, जगण्याची रीत म्हणून केला तर टिकतो.

म्हणून मी एक कसोटी देतो. कुठलाही नवा नियम घेण्याआधी स्वतःला विचारा: हे मला पुढच्या मंडईलाही करता येईल का? घरात पाहुणे असताना, रात्रभर नाटक बघून आल्यावर, भजी समोर असताना? "भात बंद" हे करता येईल का? नाही. मग घेऊच नका. "चहात एकच चमचा" हे करता येईल का? येईल. मग घ्या. जे वर्षभर करता येईल तेवढंच आज सुरू करा.

आणि मोडलं तर? मोडणारच. लग्न येईल, आजारपण येईल, कापणी येईल. एक दिवस मोडला तर एकच दिवस मोडला. रोवणीत एखादी ओळ वाकडी गेली म्हणून कुणी बांधी सोडून घरी जातं का? पुढची ओळ सरळ लावतो. तेच इथं.

थोडक्यात सगळं पुन्हा सांगतो. वाढलेल्या वजनाची लाज नको, हिणवणं नको. काट्यापेक्षा कमरेची सुतळी मोजा. लक्ष्य पाच टक्के, वेग आठवड्याला पाव ते अर्धा किलो. भात आटोपता, डाळ-भाजी भरपूर, चहातली साखर निम्मी. अर्धा तास चालणं, सात तास झोप. घर एकत्र, चूल एक. आणि मंडईची कसोटी.

आज त्रिपुरी पौर्णिमा. मार्गशीर्ष, पौष आणि मग माघ, बरोबर तिसऱ्या पौर्णिमेला इथून जवळच कचारगडची जत्रा भरेल. दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव आपल्या श्रद्धेच्या गुहेकडं येतील. आपल्यातलीही पुष्कळ माणसं ती चढण चढतात. गेल्या वर्षी किती जण मधेच दगडावर बसले? किती जण गुडघ्यांच्या भीतीनं पायथ्याशीच थांबले? तुम्ही तुमचं लक्ष्य किलोत धरू नका. ती चढण धरा. आज रात्री सुतळी मोजा, घेर जिथं येतो तिथं एक गाठ मारा आणि ती खुंटीला टांगून ठेवा. उद्या सकाळी चहात एक चमचा कमी टाका आणि स्टेशनच्या रस्त्यानं पंधरा मिनिटं जाऊन पंधरा मिनिटं परत या, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन. तीन पौर्णिमांनी तीच सुतळी पुन्हा कमरेला लावा. गाठ थोडी आत सरकलेली असेल. आणि माघ पौर्णिमेला गुहेशी पोचाल तेव्हा बोलता येण्याइतका दम तुमच्यात उरलेला असेल. मी तिथं असेन. पायथ्याशी नाही, वर. तिथं भेटू.